सकाळी अकराची सावली आणि मोफत टीव्हीचा बॉक्स

गणपतीला गावी गेलं की कुणाच्या ना कुणाच्या घरचा टीव्ही बंद असतो आणि ते काम माझ्याकडे येतं. गेल्या खेपेला ते देवगडच्या काकीकडे निघालं. तिच्या मुलाने मुंबईहून ऑनलाइन एक सेट-टॉप बॉक्स धाडला होता. खोक्यावर मोठ्या अक्षरात 'मोफत चॅनेल, रिचार्ज नको' असं छापलेलं. खळ्याच्या कोपऱ्यात छत्री, म्हणजे उपग्रहाची डिश, आधीपासून उभी होती. वायर आणून बॉक्सला लावायला गेलो तर ती बसेचना. वायरीच्या टोकाला आटे होते, बॉक्सच्या मागचं भोक मात्र गुळगुळीत. काकी म्हणाली, "झिला, ह्येच्यात सह्याद्री कित्याक येना नाय रे?"

बॉक्स बिघडलेला नव्हता. तो दुसऱ्याच कामाचा होता. तसलेच बॉक्स त्या वाडीत आणखी दोन घरांत निघाले. महिन्याचा रिचार्ज परवडत नाही म्हणून माणसं मोफत टीव्हीकडे वळतात आणि पहिल्याच खरेदीत पैसे पाण्यात जातात. याचा मला मनापासून राग येतो, कारण फसगत टाळायला फार थोडं माहीत असावं लागतं.

बॉक्स नेमकं काय करतो

सेट-टॉप बॉक्स हा दुभाषी आहे. हवेतून येणारं चित्र आकड्यांच्या भाषेत असतं, टीव्हीला ती भाषा कळत नाही. बॉक्स ती ऐकतो आणि टीव्हीला समजेल असं चित्र आणि आवाज पुढे धाडतो. पण गुजराती जाणणारा दुभाषी तमिळ सभेत उभा केला तर तो मख्ख चेहऱ्याने बघत राहील. काकीच्या बॉक्सचं हेच झालं होतं.

मोफत चॅनेल हवेतून दोन वाटांनी येतात, एक जमिनीवरच्या मनोऱ्यावरून आणि दुसरी आकाशातल्या उपग्रहावरून. पहिल्या वाटेच्या डिजिटल भाषेला डीव्हीबी-टी२ म्हणतात, दुकानात नुसतं 'टी-टू'. दुसरीला डीव्हीबी-एस२, म्हणजे 'एस-टू'. दोन्ही बॉक्सच्या खोक्यावर 'मोफत' लिहिलेलं असतं आणि दोन्ही खरंच मोफत असतात, म्हणूनच घोटाळा होतो.

ओळखायला तांत्रिक काही लागत नाही. बॉक्स उलटा करून मागे बघा. वायर आट्यांवर फिरवून घट्ट करायची असेल आणि तिथे 'एलएनबी इन' लिहिलं असेल तर तो छत्रीचा, म्हणजे उपग्रहाचा. भोक गुळगुळीत असेल, वायर नुसती आत ढकलायची असेल आणि 'अँटेना इन' किंवा 'आरएफ इन' लिहिलं असेल तर तो मनोऱ्याचा. काही बॉक्सना दोन्ही भोकं असतात, ते दोन्हीकडे चालतात. 'अँड्रॉइड बॉक्स' म्हणून जो विकला जातो तो तिसराच प्रकार. त्याला इंटरनेट लागतं आणि छत्रीशी त्याचा संबंध नाही.

मनोरा कोकणात कुठवर पोचतो

पन्नाशीच्या पुढच्या वाचकांना आठवत असेल, बांबूच्या टोकाला ॲल्युमिनियमचा अँटेना बांधलेला असायचा. वारा सुटला की एकाने वर जाऊन तो फिरवायचा आणि दुसऱ्याने पडवीतून ओरडायचं, 'आता मुंग्या गेल्या, तिथेच ठेव!' मुंबईचं दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, पुढे गावोगावी लहान प्रक्षेपक आले. ते दिवस संपले. दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीने २०२१ मध्ये जाहीर केलं की मोक्याच्या जागची सुमारे ५० केंद्रं सोडून बाकीचे जुन्या पद्धतीचे प्रक्षेपक ३१ मार्च २०२२ पर्यंत बंद केले जातील. नवी डिजिटल सोय, म्हणजे टी-टू, २०१६ च्या फेब्रुवारीत देशातल्या १६ शहरांत सुरू झाली होती. महाराष्ट्रातली त्यातली दोन म्हणजे मुंबई आणि औरंगाबाद.

मनोऱ्याची लहर जवळजवळ सरळ रेषेत जाते. पृथ्वी गोल असल्यामुळे किनाऱ्यावर उभं राहिल्यावर दूरच्या मचव्याचं आधी शीड दिसतं आणि धड खाली दडलेलं असतं. तसंच इथे. मुंबईचा वरळीतला ३०० मीटर उंचीचा टीव्ही मनोरा धरला तर त्याची नजर सपाट जागेवर साधारण ७० किलोमीटर पोचते. अलिबाग वरळीपासून समुद्रावरून सरळ ४० किलोमीटरच्या आसपास आहे, मध्ये आडवं काही नाही. उरण त्याहून जवळ. रत्नागिरी मात्र २०० किलोमीटरच्या पुढे, आणि देवगड, मालवण, वेंगुर्ले त्याच्याही पलीकडे.

म्हणून टी-टू बॉक्सचा विचार फक्त रायगडच्या उत्तर किनाऱ्यावरच्या, मुंबईकडे मोकळी दिशा असलेल्या घरांनी करावा. तिथेही आधी कुणाचा तरी बॉक्स आणि अँटेना तासभर उसना आणून आपल्या गच्चीवर लावून बघावा, आणि मगच पैसे मोजावेत. काही नव्या टीव्हींत टी-टूची सोय आतच असते, तेव्हा सेटिंगमध्ये 'डिजिटल अँटेना' दिसतो का तेही पाहावं. श्रीवर्धनपासून खाली बांद्यापर्यंत कुणी टी-टू बॉक्स विकत असेल तर घेऊ नका. विकणारा खोटं बोलत नसेलही, त्याला फरक ठाऊक नसेल इतकंच.

मग राहिली छत्री

बाकीच्या कोकणासाठी वाट एकच, दूरदर्शनची मोफत उपग्रह सेवा डीडी फ्री डिश. ती डिसेंबर २००४ मध्ये 'डीडी डायरेक्ट प्लस' या नावाने सुरू झाली आणि आज देशातल्या चार कोटींहून अधिक घरांत आहे. महिन्याला काही भरायचं नाही. छत्री, बॉक्स आणि वायर असा एकदाचा खर्च साधारण २,००० रुपये येतो असं सरकारच सांगतं. डीडी सह्याद्री आणि दूरदर्शनच्या बाकी वाहिन्या कायम असतात. खासगी वाहिन्यांच्या जागा मात्र लिलावाने ठरतात, त्यामुळे त्या येतात-जातात. 'अमुक चॅनेल काल होतं, आज गेलं' ही तक्रार घेऊन बॉक्स बदलायला धावू नका. मेनूत 'ऑटो स्कॅन' करा, यादी नव्याने भरते.

'पाचशेचा बॉक्स मिळतो, मग जास्त कशाला?'

दुकानात दोन जातीचे छत्रीचे बॉक्स दिसतात, एमपेग-२ आणि एमपेग-४. ही चित्र घडी घालून लहान करण्याच्या पद्धतींची नावं आहेत. मुंबईला परत निघालेल्या चाकरमान्याची पिशवी आठवा. कोकम, कुळथाचं पीठ, फणसाची साठं, सगळं कोंबलं तर अर्धं मागे राहतं. तीच पिशवी आईने भरली की सगळं मावतं, वर तांदळाची पुरचुंडीही बसते. एमपेग-४ म्हणजे आईची घडी. तितक्याच जागेत जास्त चॅनेल बसतात, चित्रही स्वच्छ राहतं.

अडचण एवढीच की घडी मोडता आली पाहिजे. एमपेग-२ बॉक्सला नवी घडी मोडता येत नाही. यादीत नाव दिसतं, पडदा काळा राहतो, फार तर आवाज येतो. एमपेग-४ बॉक्सला दोन्ही जमतात. म्हणून इथे काटकसर करू नका, खोक्यावर 'एमपेग-४' आणि 'डीव्हीबी-एस२' ही दोन नावं असतील तोच घ्या. चार-के, वाय-फाय, यूएसबीवर रेकॉर्डिंग असल्या गोष्टींसाठी एक रुपयाही जास्त देऊ नका, या घरात त्या कुणी वापरत नाही.

बाकी दोनच गोष्टी बघाव्यात. टीव्ही जुना, पोटाचा असेल तर बॉक्सला पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांची सोय हवी. नवा असेल तर एचडीएमआय. दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. बॉक्सची वीज बाहेरच्या अडॅप्टरवरून येत असावी आणि त्यावर १२ व्होल्ट लिहिलेलं असावं. वीज कमीजास्त झाली की आधी अडॅप्टर जळतो, तो थोड्या पैशांत नवा येतो. वीज आत घेणारा बॉक्स असेल तर सगळाच टाकावा लागतो. शिवाय १२ व्होल्टचा बॉक्स आणि १२ व्होल्टचाच लहान टीव्ही बॅटरीवर चालतो. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आलं, तेव्हा खांब आडवे झाले, मोबाईलचे टॉवर मुके झाले आणि कित्येक गावं दिवसच्या दिवस जगापासून तुटली. उपग्रहाला गावातल्या टॉवरची गरज नसते. छत्री उभी असेल आणि बॅटरीत जीव असेल तर बातमी येते.

छत्री उंचावर नको, उजेडात हवी

या भागावर मी मुद्दाम जास्त वेळ घेतो आहे, कारण गावी पाहिलेल्या बहुतेक तक्रारींचं मूळ बॉक्समध्ये नव्हतं, छत्रीच्या जागेत होतं.

फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-१५. तो नोव्हेंबर २०१५ मध्ये सोडला गेला आणि विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर, ९३.५ अंश पूर्व रेखांशापाशी जागच्या जागी असल्यासारखा राहतो. आपण ७३ अंशाच्या आसपास राहतो, म्हणून तो आपल्याला आग्नेयेला दिसतो. समुद्राकडे पाठ, सह्याद्रीकडे तोंड आणि तिथून थोडं उजवीकडे. अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत त्याची उंची क्षितिजापासून ५८ ते ६१ अंश भरते, म्हणजे डोक्यावरच्या आकाशाकडे बरीच झुकलेली. डोंगर आड येत नाही, शेजारचं घर सहसा येत नाही. येतो तो माड.

हिशेब सोपा आहे. माड ६० फुटांचा आणि छत्री जमिनीपासून ५ फुटांवर असेल तर आग्नेयेच्या रेषेत तो माड ३३ फुटांहून जवळ नसावा. झाप नुसता वाऱ्याने हलला तरी चित्र तुटतं. आंब्याची दाट फांदी तर भिंतीसारखीच.

आणि हिशेब नको असेल तर सूर्याला विचारा. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला सकाळी अकराच्या आसपास सूर्य आपल्या दृष्टीने नेमका त्या उपग्रहाच्या मागे येतो. तेव्हा जिथे ऊन पडतं तिथे सिग्नलही पडतो आणि जिथे झाडाची सावली तिथे सिग्नलचीही सावली. काकीच्या खळ्यात आम्ही पुढे ऑक्टोबरच्या सुट्टीत हेच केलं. जुनी जागा पोफळीच्या सावलीत निघाली, तुळशीवृंदावनाच्या उजव्या हाताला आठ फूट सरकलो आणि लख्ख ऊन मिळालं. त्याच दिवसांत अकराच्या सुमारास काही मिनिटं चित्र आपोआप जातं, कारण सूर्य स्वतः रेडिओलहरींचा गलका करतो. तेवढ्यासाठी सेटिंगवाल्याला बोलावू नका.

उपग्रह इतका वर असल्यामुळे छत्री कौलांवर चढवायचं कारणच नाही. उंची ही जुन्या बांबूच्या अँटेनाची गरज होती, सवय मात्र राहून गेली. खळ्यात, चिऱ्याच्या गडग्यावर किंवा छोटा ओटा बांधून छातीएवढ्या उंचीवर लावा. वारा कमी लागतो, हात पोचतो, वय झालेल्या माणसाला पावसात कौलांवर चढावं लागत नाही. एक धोका आहे, माकडांचा. ती वायरीला लोंबकळतात, म्हणून वायर जमिनीलगत पाइपातून न्या.

दिशा लावताना बॉक्सच्या पडद्यावर दोन पट्ट्या दिसतात, 'स्ट्रेंग्थ' आणि 'क्वालिटी'. पहिलीवर भरवसा ठेवू नका. जत्रेतला भोंगा कान फाडतो पण शब्द कळत नाही, तसं नुसता जोर असून भागत नाही. छत्री भलत्याच दिशेला असली तरी स्ट्रेंग्थ भरलेली दिसू शकते. क्वालिटी शून्यावरून वर उठली की उपग्रह सापडला. मग केसभर केसभर सरकवत ती जास्तीत जास्त करायची, आणि बोल्ट आवळतानाही एक डोळा तिच्यावर ठेवायचा, कारण आवळताना छत्री हमखास हलते.

'पाऊस आला की जातंच, मग काय उपयोग?'

ही तक्रार खरी आहे. कोकणात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, आणि उपग्रहाची लहर जेमतेम अडीच-तीन सेंटिमीटर लांबीची. समुद्रातली मोठी लाट पाण्यात रोवलेल्या खुंटाला न जुमानता पुढे जाते, बारीक तरंग त्यावर विस्कटतात. पावसाचे थेंब म्हणजे असे लाखो खुंट. मनोऱ्याची लहर अर्ध्या मीटरच्या घरातली, तिला पाऊस जाणवतही नाही. शिवाय जुन्या टीव्हीवर चित्र हळूहळू मुंग्यांत बुडायचं. डिजिटल चित्र शेवटपर्यंत स्वच्छ राहतं, मग चौकोन चौकोन होऊन एकदम थिजतं.

यावर पूर्ण उपाय नाही, पण फरक खूप पडतो. मुसळधार सरीत दहा-पंधरा मिनिटं जाणं हे निसर्गाचं. रिमझिम पडताच जात असेल तर दोष आपल्या जोडणीचा. उघडीप असताना क्वालिटी जितकी वर तितकी पावसात शिल्लक जास्त. ६० सेंटिमीटरच्या जागी ९० ची छत्री लावली तर ती सव्वादोन पट सिग्नल गोळा करते, पण वाराही तितकाच अंगावर घेते. समुद्रकाठच्या उघड्या माळावर मी ६०-६५ चीच लावेन आणि दिशेवर वेळ खर्च करेन. झाडांच्या आडोशाला, आतल्या वाडीत, मोठी चालेल.

खारा वारा बॉक्सपर्यंत पोचतो

काकीच्या छत्रीवरच्या एलएनबीचा जोड मी उघडला. छत्रीच्या पुढे दांड्यावर बसवलेला, सिग्नल पकडून वायरीत सोडणारा तो छोटा डबा म्हणजे एलएनबी. आट्यांमधून, कळकलेल्या पितळी भांड्यावर येते तशी हिरवी पूड बोटाला लागली. मधली तांब्याची तार काळी पडलेली, हात लावताच मोडली. दोन पावसाळे झाले होते फक्त. या वायरीतून नुसता सिग्नल खाली येत नाही, बॉक्स तिच्यातूनच १३ किंवा १८ व्होल्ट वीज वर धाडतो. ओल आणि मीठ आत गेलं की दोन्ही अडतात, आणि माणसाला वाटतं बॉक्स गेला.

म्हणून २,००० रुपयांतले पैसे वाचवायचे तर बॉक्सच्या नक्षीत वाचवा, वायरीत नाही. 'आरजी-६' वायर घ्या, आतली तार तांब्याची आहे का ते टोक कापून बघा. वायर एकसंध हवी, मध्ये जोड नको. जोडावर रबरी टोपी आणि त्यावर रबरी टेप, खालून वर गुंडाळत, कौलं रचतात तसा वरचा वेढा खालच्यावर. घरात शिरण्याआधी वायरीला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी पागोळीसारखं तिथेच ठिबकेल आणि भिंतीत जाणार नाही. नट-बोल्ट गंज न धरणाऱ्या पोलादाचे घ्या. जोड लावताना बॉक्सची वीज बंद ठेवा, कारण बाहेरच्या जाळीचा एक केस जरी मधल्या तारेला टेकला तरी बॉक्स जळू शकतो. आणि वळवाच्या किंवा ऑक्टोबरच्या गडगडाटात प्लग तर काढाच, छत्रीची वायरही बॉक्समधून सोडवून ठेवा. कडकडाट सुरू झाल्यावर नव्हे, ढग दिसू लागताच.

जुन्या पैसेवाल्या सेवेची छत्री गंजली नसेल तर तीच वापरा, दिशा फिरवावी लागेल आणि कधी एलएनबी नवा लागेल. त्यांचा बॉक्स मात्र त्यांच्याच सेवेला बांधलेला असतो, तो इथे उपयोगाचा नाही.

'फुकट आहे म्हणजे काहीतरी भानगड असणार'

भानगड नाही. ही सरकारी प्रसारकाची सेवा आहे, वाहिन्या जागेसाठी पैसे देतात आणि जाहिरातींतून कमावतात. उलट फायदाही आहे. २००७ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण खासगी वाहिनीला प्रसार भारतीला द्यावं लागतं, आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ते दूरदर्शनने आपल्या मनोऱ्यांवरून आणि आपल्या मोफत छत्रीवरूनच दाखवावं. म्हणून असा सामना तुमच्याकडे दिसतो आणि केबलवरच्या दूरदर्शनवर दिसत नाही. भानगड असते ती 'सर्व पैसेवाले चॅनेल एका बॉक्सवर कायमचे फुकट' म्हणून विकणाऱ्याकडे. ती चोरी आहे आणि काही दिवसांत बंदही पडते.

'थोडं थांबू का? मोबाईलवर थेट टीव्ही येणार म्हणतात'

बातम्यांत दोन गोष्टी आहेत. भारतीय मानक ब्युरोने उपग्रहाचा ट्यूनर आतच असलेल्या टीव्हीसाठी २०२२ चं मानक, आयएस १८११२, काढलं आहे. असा टीव्ही घेतला तर मोफत वाहिन्यांना वेगळा बॉक्स लागणार नाही, छत्री मात्र लागेलच. नवा टीव्ही घ्यायचाच असेल तर दुकानात हे जरूर विचारा. दुसरी, इंटरनेटशिवाय मोबाईलवर थेट प्रक्षेपण. आयआयटी कानपूरच्या साथीने प्रसार भारतीने त्याच्या चाचण्या केल्या आहेत. पण ते मनोऱ्यावरूनच येणार, त्याची भाषा टी-टूहून निराळी, आणि फोनमध्येही त्यासाठी वेगळी चिप लागते. देवगडच्या वाडीत ते कधी पोचेल यावर काकीची संध्याकाळ अडवून ठेवायची नाही.

तिच्यासाठी नवा एस-टू, एमपेग-४ बॉक्स आणला. टीव्हीच्या मागच्या भिंतीला मी एक कागद चिकटवला आहे, त्यावर 'मेनू, ऑटो स्कॅन, ओके' ही तीन बटणं कुठली ते रिमोटच्या चित्रासकट काढलं आहे, आणि खाली लाल पेनाने: ढग आले की वायर काढ.